ओल्या कापसाचं वजन

माय कापसाची चिमूट दोन बोटांत चोळून सांगायची, ह्याला पाणी मारलंय. गावातले काही लोक कापूस विकायला शेठच्या काट्यावर न्यायच्या आधी त्याच्यावर पाण्याचा हबका मारायचे आणि वर कोरड्या कापसाचा थर द्यायचे, म्हणजे वजन वाढायचं. शेठकडं तोलायला रहीमचाचा होते. ते गाठोड्यात कोपरापर्यंत हात घालून बघायचे. कधी त्यांनाच शंका आली आणि माय तिथं असली, तर म्हणायचे, "भाभी, जरा तुम्ही बघा बरं." माय पदर सावरून पुढं व्हायची, बोटं चोळायची आणि म्हणायची, "रहीमभाऊ, हे वजन कापसाचं न्हाई, हिरीचं हाय." ज्याचं गाठोडं तो सोडून सगळे हसायचे. मला मायचा फार अभिमान वाटायचा. बोटांनी पाणी ओळखणारी बाई गावात तीच एक होती.

हे आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही. वही माझ्या नातीची, पूजाची आहे, बारावीची. मागची पानं कोरी राहिली होती. दुपारी सगळे पडले की मी लिहिते आणि मग वही तांदळाच्या डब्यामागं सरकवते. माझी शाळा चौथीपर्यंतची, काना-मात्रा चुकत असेल. कुणाला दाखवायचं नाही, म्हणून चालून जातं.

आमचं गाव केदारखेड्याहून आत, कच्च्या रस्त्याचं. घर दोन खोल्यांचं, वर पत्रे. दिवाळी सरली की पुढची खोली कापसानं भरत जायची. आधी गुडघ्याएवढा, मग छातीएवढा, मग आढ्याला टेकायचा, आणि आम्ही मागच्या खोलीत चुलीपाशी अंग आखडून निजायचो. कापूस घरात आला की घराचा आवाज कमी होतो. तो आवाज पिऊन टाकतो. माय भाकरी थापायची तर तो थपथप आवाजही शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटायचा. नाकात तंतू जायचे, केसांत वाळलेल्या पानांचा चुरा अडकायचा, भाकरीच्या घासातसुद्धा कधी धागा निघायचा आणि आबा, माझे वडील, तो बोटानं ओढून काढत म्हणायचे, "आज माय पोरान्ला कापूसच खाऊ घालून राह्यली." पाचवीचा वर्ग केदारखेड्याला होता. एकट्या पोरीला तिथं कोण पाठवणार, म्हणून चौथी पास होऊन मी घरी बसले होते. तेरा वर्षांची असेन. घरात वाचता येणारी मी एकटीच. बसची पाटी, औषधाची पुडी, लग्नाची पत्रिका, सगळं माझ्याकडं यायचं. वाचायला मला भीती वाटायची नाही. बोलायला वाटायची. पाहुणे आले की मी कापसाच्या ढिगामागं जाऊन बसायची आणि तिथूनच त्यांच्या चपला मोजायची.

माझी थोरली बहीण कौसल्या. आम्ही तिला अक्का म्हणायचो. ती माझ्या अगदी उलट. घरात शिरायच्या आधी तिचं हसू शिरायचं. मला ती "मुकी मांजर" म्हणायची आणि माझ्या वाटचं सगळं तीच बोलून टाकायची. तिचं लग्न अंबडकडं झालं तेव्हा मला वाटलं, आता आपल्या तोंडचे शब्द कोण बोलणार.

अक्का सातव्या महिन्यात बाळंतपणाला घरी आली. दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, आणून सोडली. जात्याच काटकुळी, त्यात प्रवासानं सुकलेली. लग्नात तिच्या सासूनं, मांडवात चार बायकांसमोर, तिचं मनगट धरून म्हटलं होतं, "विहीणबाई, पोरगी देऊन राह्यल्या का तुरीची काडी? हिला घरी खायला घालत होते का न्हाई?" माय तेव्हा हसली होती, पण ते वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. अक्का दारात उतरली तशी मायनं तिला नखशिखांत पाहिलं आणि भाकरतुकडा ओवाळायच्या आधीच म्हणाली, "तुला अशी पाठवीन की तुझ्या सासूला दारातून आत घेता यायची न्हाई."

आणि मग मायनं घर त्याच कामाला लावलं. शेळी होती तिचं सगळं दूध अक्काला. मेथीचे लाडू, डिंकाचे लाडू, तुपात भिजलेला शिरा, बाजरीच्या भाकरीवर लोणी, दुपारी शेंगदाणे आणि गूळ. अक्का तोंड फिरवायची, "माये, मला काय इकायला काढायचंय का?" माय म्हणायची, "गप खा." रोज पहाटे मेथी भाजल्याचा कडू वास पत्र्याखाली कोंडून राहायचा. आज इतकी वर्षं झाली, कुणाच्या घरून तो वास आला की मी रस्ता बदलते.

वजन बघायची कल्पना मायचीच. आमचा कापूस दर पंधरा दिवसांनी शेठच्या काट्यावर जायचा. तो तोलून झाला, गडीमाणसं जेवायला गेली की माय अक्काला घेऊन जायची. जमिनीवर लोखंडी पाट, त्याला उभा खांब आणि वर आडवी दांडी, दांडीवर सरकणारं वजन. अक्का पाटावर उभी राहायची. रहीमचाचा दांडी समतोल करायचे आणि पोटुशी लेकबाळ म्हणून भिंतीकडं तोंड करून उभे राहायचे. आकडा मी वाचायची. पहिल्या खेपेला बेचाळीस भरली. मग चव्वेचाळीस. मग सेहेचाळीस. प्रत्येक आकड्याला माय जणू आपलाच कापूस चांगल्या भावानं गेला अशी खूश व्हायची, आणि घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्या बाईला सांगायची.

चौथ्या खेपेच्या आधी, आठवडाभर असेल, अक्काच्या हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. मायनं साबण लावून त्या उतरवल्या, दोन फुटल्या. पायातली जोडवी तर निघेनातच. आबांनी पकडीनं कापून काढली. सकाळी उठली की तिचा चेहरा मोठा झालेला असायचा, डोळ्यांखाली फुगलेलं, पापण्या जड. आरशात बघून ती मला म्हणाली, "चंदे, बघ, मी शेठानीसारखी दिसून राह्यली." मी हसले. मायनं तिच्या कानामागं काजळाचा ठिपका लावला. बांगडी चढत नाही, म्हणजे पोरीच्या अंगी माहेर लागलं, असं माय म्हणाली, आणि आलेल्या गेलेल्या सगळ्या बायकांनी तेच म्हटलं. आम्हा कुणालाच त्यात दुसरं काही दिसलं नाही.

त्या खेपेला काट्यावर बावन्न भरलं. मी वाचलं तशी रहीमचाचांनी भिंतीकडून मान वळवली. "फिरसे पढ, बेटी." मी पुन्हा वाचलं. त्यांनी अक्काला उतरवलं, दांडी मोकळी करून पाहिली, पुन्हा चढवलं. बावन्नच. "पंधरा दिवसांत सहा किलो, भाभी?" ते म्हणाले. "कापूस असता तर मी हात घालून बघितला असता." माय पदरात तोंड घालून हसली. "नजर लावू नका, रहीमभाऊ. माझ्या हातचं खानं हाय ते." रहीमचाचाही हसले. मीही. त्या हसण्याबद्दल मी पुढं किती वेळा विचार केला, ते मलाच ठाऊक. तिथं दोन माणसं अशी उभी होती की ज्यांना ओला कापूस डोळे मिटून ओळखता यायचा.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, नर्सबाई गावात आल्या. महिन्यातून एकदा यायच्या आणि शाळेच्या ओसरीवर बसायच्या. माय आणि आबा रानात होते, म्हणून अक्कासोबत मी गेले. नर्सबाई बाहेरच्या गावच्या, पुस्तकातल्यासारखं बोलायच्या. त्यांनी अक्काला बघितलं आणि आधी खाली वाकून तिच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो तसा. मी त्या खड्ड्याकडं बघत राहिले. तो भरून यायला फार वेळ लागला. मग त्यांनी दंडाला पट्टा बांधला, रबरी गोळा दाबला, कानाला नळ्या लावून ऐकलं. पट्टा सोडला. थोडं थांबून पुन्हा बांधला.

"डोकं दुखतं?"

"दुखतं थोडं थोडं. उन्हानं," अक्का म्हणाली.

"घरातलं मोठं कोणी आलंय?"

"माय रानात गेली. ही बहीण हाय."

नर्सबाई माझ्याकडं वळल्या. मी खांबामागं अर्धी होते. "इकडं ये. लिहिता-वाचता येतं? मग नीट ऐक. हिला उद्याच्या उद्या जालन्याला मोठ्या दवाखान्यात न्यायचं. हिचं बीपी फार वाढलंय. हे वजन खाण्याचं नाही, हिच्या अंगात पाणी साचलंय. तिथं हिची लघवी तपासतील. ही चिठ्ठी द्यायची. आईला काय सांगशील? म्हणून दाखव."

मी म्हटलं, "उद्या जालन्याला न्यायचं. तपासायला."

"काय तपासायला?"

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गुरुजी काहीतरी लिहीत बसले होते. मी खाली बघितलं.

"अगं, लघवी म्हण. त्यात लाजायचं काय?"

अक्का तोंडावर पदर घेऊन हसायला लागली. "बाई, ती मेली तरी म्हनायची न्हाई. मी सांगते घरी."

"तू नाही, तू मनावर घेणार नाहीस. हिनं सांगायचं," नर्सबाई म्हणाल्या आणि चिठ्ठी माझ्या मुठीत दाबली. त्यांना माझी अडचण कळली नाही. त्यांना वाटलं असेल, घरी आईजवळ पोरगी बोलेल.

आणि बोललेही असते. आमच्या घरात तो शब्द कुणी उच्चारत नव्हतं, आम्ही बायका "बाहेर जाऊन येते" एवढंच म्हणायचो. पण माय एकटी भेटली असती तर कानाजवळ जाऊन, कसंही करून, सांगितलं असतं. घरी आलो तर दारात अनोळखी चपला. दाजी आले होते, आणि त्यांच्यासोबत अक्काची सासू, ओटीची साडी घेऊन. मायला कुणीतरी रानात निरोप दिला होता. ती धापा टाकत आली होती आणि आता चुलीपुढं चहा ठेवून दारातच बसली होती, म्हणजे सासूचं तोंड तिला दिसावं. सासूनं अक्काला डोळे भरून पाहिलं, तिचं तेच मनगट धरलं आणि म्हणाली, "बाई बाई, विहीणबाई, सून वळखू येईना. मानलं तुम्हाला." मायच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे आलं ते मी तिच्या चेहऱ्यावर त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतर तर नाहीच. मी कापसाच्या ढिगाकडं सरकत होते.

"चंदे," मायनं हाक मारली, मुद्दाम मोठ्यानं. "काय म्हनली नर्सबाई? सांग की."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दाजी बाजेवर बसले होते, त्यांनी बशी खाली ठेवली. मुठीत चिठ्ठी घामानं ओली झाली होती.

"जालन्याला न्या म्हनली."

"जालन्याला? कशाला?"

"तपासायला."

"काय तपासायला?"

शब्द इथपर्यंत आला होता. मी गळ्याला हात लावून आज सांगू शकते, कुठपर्यंत. दाजी माझ्याकडंच बघत होते. आबा दारात पाय धूत होते, तेही थांबले. मी म्हटलं, "वजन."

माय खदखदून हसली. "आता गं बया! वजन तर शेठच्या काट्यावर होऊन राह्यलं. त्याला जालना कशाला पायजे?" सासू हसली, दाजी हसले, आबाही हसले. अक्का भिंतीला टेकून बसली होती. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बघून जरा हसली आणि पुन्हा मिटले. ती काही बोलली नाही. सासूपुढं तिलाही तो शब्द अवघड झाला असेल. की डोकंच फार दुखत असेल. इतकी वर्षं मी ह्याच दोन गोष्टी उलटसुलट करत आले.

पाणी हा शब्द मला नर्सबाईंनी दिला होता. तो उच्चारायला काही लाज नव्हती. "अंगात पाणी साचलंय" एवढंच मी म्हटलं असतं, तर माझी माय चहा उतू जाऊ देऊन उठली असती. पण मला त्या एका शब्दाची अशी भीती भरली होती की बाकीचं सगळं वाटेतच सांडून गेलं. हे आज कळतं.

रविवारी पाहुणे गेले. तेव्हा सांगता आलं असतं. पण आता सांगितलं तर काल का नाही सांगितलंस म्हणून माय मारील, असं वाटलं. मी अक्काला विचारलं, "सांगू का?" ती म्हणाली, "राहू दे. कापूस उरकला की जाऊ म्हन. मला झोपू दे फक्त." सोमवारी तिला वांती झाली, पोटात वर, बरगडीखाली दुखायला लागलं. मायनं ओवा दिला. मग मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका उठला नाही, म्हणून माय म्हणाली, नजर लागली, सासूचीच लागली. चिठ्ठी मी माझ्या चौथीच्या पुस्तकात ठेवली होती. दिवसातून चार वेळा जाऊन बघायची, आहे का. वाचताही येत नव्हती, इंग्रजीत होती.

मंगळवारी, ऊन डोक्यावर आलेलं. अक्का आणि मी कापसातला कचरा वेचत बसलो होतो. ती म्हणाली, "चंदे, काजवे दिसून राह्यले गं." मी म्हटलं, "दिवसा?" ती म्हणाली, "हां, बघ की, कापसावर उडून राह्यले," आणि तिनं एक पकडायला हात पुढं केला. तो हात तसाच ताठ राहिला. मग मान एका बाजूला ओढली गेली, दातखीळ बसली, आणि ती कापसात आडवी झाली. सगळं अंग झटक्यानं हलत होतं आणि त्याचा आवाज होत नव्हता. कापूस आवाज पीत होता. मी ओरडले की नाही मला आठवत नाही. बायका आल्या. कुणी कांदा आणला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी म्हणालं अंगात आलं. माय तिचं डोकं मांडीवर घेऊन "कौसे, कौसे" करत होती. तोंडातून लाल फेस आला, जीभ चावली होती.

शेठची मालाची गाडी भरून उभी होती, जालन्यालाच निघालेली. रहीमचाचांनी वरची पोती खाली ढकलून मधे जागा केली आणि अक्काला कापसाच्या पोत्यांवरच निजवली. माय, आबा, मी आणि ते. पुस्तकातली चिठ्ठी मी कमरेला खोचून घेतली होती. केदारखेड्याला डांबरी रस्ता लागला. रस्त्याच्या कडेला दगड यायचे, जालना इतके, जालना इतके. दर दगडाला आबा म्हणायचे, "किती राह्यलं बघ." मी वाचून सांगायची. दोनदा पुन्हा झटके आले. मधल्या वेळात ती घोरल्यासारखा श्वास घ्यायची.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, कधीपासून असं आहे, आधी कुणाला दाखवलं होतं का. आबा म्हणाले, "न्हाई साहेब, आजच दुपारी." तेव्हा मी चिठ्ठी पुढं केली. डॉक्टरांनी ती उलगडली, वाचली आणि आबांकडं बघितलं.

"ही शनिवारची आहे. आज मंगळवार."

"कंची चिठ्ठी?" आबा म्हणाले.

मग ते माझ्याकडं वळले. माय आत अक्कापाशी होती, तिनं हे ऐकलं नाही. आबांनी माझ्याकडं किती वेळ पाहिलं कुणास ठाऊक. मला वाटलं आता मारतील. त्यांनी मारलं नाही. डोक्यावरचा रुमाल काढला, त्यानं तोंड पुसलं आणि डॉक्टरांना म्हणाले, "पोरगी लहान हाय, साहेब." एवढंच. त्यानंतर आबा वीस वर्षं जगले आणि त्या चिठ्ठीचा एक शब्द त्यांनी कुणापाशी काढला नाही. मायपाशीही नाही. मला कधीकधी वाटतं, काढला असता तर बरं झालं असतं.

ऑपरेशन करून बाळ काढलं. मुलगी होती, एका ओंजळीत मावेल एवढी, पण जिवंत. अक्का शुद्धीवर आलीच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गेली. डॉक्टर आबांना आणि मायला समजावून सांगत होते, की बीपीचे झटके होते, लघवीतून अंगातलं सत्त्व जात होतं आणि अंगात पाणी भरत होतं, ते वजन म्हणजे पाणी होतं. "पाणी?" मायनं विचारलं. मग उठली, अक्काजवळ गेली, चादर बाजूला केली आणि तिच्या दंडाची कातडी दोन बोटांत धरून चोळली. हळू, जशी ती नेहमी चोळायची. मग तिनं आपली बोटं बघितली. रहीमचाचा दारात उभे होते, त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं.

मायनं त्यानंतर डिंकाचा लाडू कधी वळला नाही. ती शेवटपर्यंत म्हणायची, "मीच खाऊ घालून मारली तिला." डॉक्टरांनी सांगितलेलं पाणी तिच्या हिशेबी तिच्याच शिऱ्याचं, तिच्याच दुधाचं झालं होतं. मी समोर बसलेली असायची. मला ठाऊक होतं की नर्सबाई म्हणाल्या होत्या, हे वजन खाण्याचं नाही. ते वाक्य सांगितलं असतं तर माय सुटली असती. पण ते सांगायचं तर कुठं ऐकलं, कधी ऐकलं, हेही सांगावं लागलं असतं. मी मायला तिच्या दोषासकट मरू दिलं. अक्काच्या वेळी मी लहान होते असं आबा तरी म्हणाले. मायच्या वेळी मी लहान नव्हते.

दोन वर्षांनी माझं लग्न दाजींशी लावून दिलं. लेकरू लहान, घरचीच मावशी, आणि दोन्हीकडच्यांना तेच बराबर वाटलं. मला कुणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी मी काय बोलले असते. ज्या माणसापुढं एक शब्द उच्चारता आला नाही, त्याच्या घरात मी चौतीस वर्षं नांदले. माणूस वाईट नव्हता. कधी जेवताना अक्काची आठवण काढायचा, म्हणायचा, "एकाएकी गेली बिचारी, कुणाला काही कळलंच न्हाई." मी त्याच्या ताटात भाजी वाढायची. मला पोटचं झालं नाही. खरं सांगायचं तर व्हावं असं मी कधी मागितलंही नाही. अक्काची मुलगी, शोभा, मला आईच म्हणते. दाजी गेल्यावर तिनं मला इथं अंबडला आपल्या घरी आणलं.

आता शोभाची पूजा बाळंतपणाला आली आहे, आठवा संपत आलाय. आशाताई येतात. त्यांच्याकडं काचेचा काटा आहे, त्यावर लाल आकडे उमटतात. तो काटा पिशवीतून निघाला की मी आत जाते. एकदा मी त्यांना एकटीला गाठून विचारलं होतं, पंधरा दिवसांत सहा किलो वाढलं, जास्त खाल्ल्यानं असं होतं का हो. त्या म्हणाल्या, "आजी, खाऊन पंधरा दिवसांत एवढं चढत नसतं. एकदम वाढलं तर ते पाणी असू शकतं, म्हणून लगेच बीपी बघायचं, लघवी बघायची. कुणाला होईल आधी सांगता येत नाही." किती सहज बोलल्या. मला मायची आठवण आली आणि मी डाळ निवडत राहिले.

परवा त्या आल्या तेव्हा मी आतून ऐकत होते. आकडा मागच्या वेळेपेक्षा दीड किलोनं जास्त होता. पट्टा बांधल्याचा चर्रकन आवाज झाला, मग शांत. मग त्या म्हणाल्या, "बीपी चांगलं आहे." कागद मिटल्याचा, पिशवीची चेन ओढल्याचा आवाज. पूजाचा नवरा आला होता, खुर्चीवर बसून मोबाईल बघत होता. शोभाचा नवरा पेपर घेऊन होता. माझे पाय कसे उठले माहीत नाही. मी दारात जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "लघवी तपासली का तिची?"

मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

"हो आजी, सकाळीच तर नेऊन दिली. नॉर्मल आहे," पूजा म्हणाली आणि पाय लांब करून बोटं हलवत बसली. तिच्या नवऱ्यानं मोबाईलमधून मान वर केली नाही. शोभाच्या नवऱ्यानं पेपरचं पान उलटलं. आशाताई म्हणाल्या, "आजीचं लक्ष असतं बरं का," आणि चपला घालायला लागल्या. कुणालाच काही वाटलं नाही. तो शब्द एवढाच होता.

मी आत आले. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. तांदळाच्या डब्यापाशी खाली बसले आणि समोर माय बसली आहे असं धरून हळू म्हटलं, "माय, नर्सबाईनं सांगितलंय, अक्काला उद्या जालन्याला न्यायचं. लघवी तपासायची. हे वजन तुझ्या हातचं न्हाई माय, पान्याचं हाय."